दोन बोटांची जखम, एक सपोर्ट जहाज आणि बॉम्बे हाय नॉर्थ

२७ जुलै २००५. बॉम्बे हायच्या तेलाच्या फील्डमध्ये ‘समुद्र सुरक्षा’ नावाचं सपोर्ट जहाज डायव्हिंगच्या कामावर होतं आणि जहाजावरच्या एका कुकच्या दोन बोटांची टोकं कापली गेली. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, सुरी चालवताना होतात तसल्या अपघातांपैकी एक. त्याला प्लॅटफॉर्मवर उपचारासाठी पोचवायचं ठरलं, जहाज प्लॅटफॉर्मला लागलं, माणूस वर पोचलासुद्धा, आणि मग अंधार पडायच्या आत ओएनजीसीचा तो अख्खा प्रोसेस प्लॅटफॉर्म जळून समुद्रात कोसळला. २२ माणसं गेली, त्यातल्या ११ जणांचे मृतदेहही सापडले नाहीत.

या घटनेवर बोलणं निघालं की बहुतेक वेळा आगीवर बोललं जातं, आग कशी पसरली, लाइफबोटी का उतरल्या नाहीत वगैरे. ते येईलच पुढे, पण मला जास्त बोलायचंय ते जहाजावर. कारण माझ्या मते प्लॅटफॉर्मसाठी सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे त्याच्या मदतीला येणारं जहाज, आणि ते मदतीला येतंय म्हणूनच त्याला कोणी धोका समजत नाही. लांबून जाणाऱ्या टँकरवर रडारवरून नजर ठेवतात, पण आपल्याच कंपनीचं जहाज दहा मीटरवर येऊन उभं राहिलं तर ते रोजचंच काम.

आधी जागा कशी होती ते बघू, त्याशिवाय पुढचं कळत नाही. बॉम्बे हाय (आता कागदोपत्री मुंबई हाय, पण हायवर जाणारे लोक बॉम्बे हायच म्हणतात) मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला, पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ रिगनं इथे तेल शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. नॉर्थ भागातलं कॉम्प्लेक्स म्हणजे पुलांनी जोडलेले चार प्लॅटफॉर्म: १९७६ चा छोटा विहिरींचा एनए, १९७८ चा राहण्याचा एमएचएफ, १९८१ चा प्रोसेसिंगचा एमएचएन आणि नंतर जोडलेला एमएचडब्ल्यू. आजूबाजूच्या छोट्या, माणसं नसलेल्या विहिरी-प्लॅटफॉर्मवरून तेल आणि गॅस समुद्रतळावरच्या पाइपांतून एमएचएनला यायचा, तिथे वेगळा व्हायचा आणि पुढे किनाऱ्याकडे जायचा. उलट दिशेनं एमएचएनवरून दाब वाढवलेला गॅस परत त्या विहिरींकडे जायचा, याला गॅस लिफ्ट म्हणतात, म्हणजे विहिरीतल्या तेलात गॅस सोडून ते हलकं करायचं आणि वर आणायचं. समुद्रतळावरचा पाइप प्लॅटफॉर्मच्या पायापाशी येऊन जो उभा वर चढतो तो रायझर. एमएचएनच्या जॅकेटला, म्हणजे खालच्या स्टीलच्या सांगाड्याला, असे बरेच रायझर लागलेले होते आणि त्यातले काही अशा बाजूला होते जिथे जहाजं माल चढवा-उतरवायला लागतात. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता जहाज. ऑफशोअरला सपोर्ट जहाज म्हटलं की त्यात बरेच प्रकार येतात. पाइप, डिझेल, पाणी, सिमेंट, खाणंपिणं पोचवणारी सप्लाय जहाजं, रिगचे नांगर उचलून टाकणारी आणि रिग ओढणारी ताकदवान अँकर हँडलर, माणसं नेणाऱ्या क्रू बोटी, काही झालंच तर माणसं उचलायला जवळपास घिरट्या घालणारी स्टँडबाय जहाजं. एमएसव्ही म्हणजे मल्टिपर्पज सपोर्ट व्हेसल, यांच्यातलं मोठं भावंड, डायव्हिंग, आग विझवण्याच्या तोफा, क्रेन, हेलिडेक, सगळं एकाच जहाजावर. ‘समुद्र सुरक्षा’ हे असलंच जहाज, ओएनजीसीच्या मालकीचं. रोज प्लॅटफॉर्मला लागणाऱ्या सप्लाय जहाजांपेक्षा बरंच मोठं, आणि त्याचं हेलिडेक मागच्या बाजूला म्हणजे स्टर्नला होतं.

अशी जहाजं नांगर न टाकता एका जागी उभी राहतात ती डीपीवर, डायनॅमिक पोझिशनिंगवर. कॉम्प्युटरला सतत कळत असतं जहाज कुठे आहे, वारा किती, कुठून, आणि तो त्याप्रमाणे प्रोपेलर आणि थ्रस्टर, म्हणजे जहाजाला ढकलणारे जादा पंखे, कमीजास्त करत राहतो. अॅझिमथ थ्रस्टर म्हणजे स्वतःभोवती पूर्ण फिरू शकणारा, पाहिजे त्या दिशेला जोर लावणारा. डीपीवरच्या जहाजाची सगळी पत या थ्रस्टरवर असते, एखादा आळसावला तरी जहाज तिथेच उभं दिसतं पण हातातला राखीव जोर संपलेला असतो आणि हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही, वर प्लॅटफॉर्मवर क्रेन चालवणाऱ्याला तर अजिबातच नाही.

हवामान कसं होतं हे महाराष्ट्रातल्या कोणाला सांगायला नको. आदल्या दिवशी, २६ जुलैला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. ऑफशोअरची हेलिकॉप्टर जुहूवरून उडतात आणि त्या दिवशी मान्सूनमुळे ती जमिनीवरच होती. बाहेर फील्डमध्ये वारा ३५ नॉटच्या घरात, म्हणजे ताशी साधारण ६५ किलोमीटर, स्वेल, म्हणजे लांबून येणाऱ्या मोठ्या लाटा, ५ मीटरची, पाण्याला ३ नॉटचा प्रवाह. म्हणजे जुलै महिन्यातला अरबी समुद्र, वेगळं काही नाही, पण जहाज स्टीलला चिकटवून उभं करायचा दिवस नक्कीच नाही.

तर जखमी माणूस, हेलिकॉप्टर नाही. मग पर्याय उरला तो प्लॅटफॉर्मच्या क्रेननं बास्केट खाली सोडायची, माणसाला त्यात घ्यायचं आणि वर ओढायचं. हायवर बास्केट ट्रान्सफर हे नेहमीचं काम आहे, माणसं ये-जा करतातच अशी, त्यामुळे हा निर्णय कोणाला मोठा वाटला नसणार. इथेच माझं पहिलं म्हणणं आहे. जखम तपासायला घेतली गेली, उपचार कुठे चांगले मिळतील हे बघितलं गेलं, माणूस बास्केटमधून नीट वर जाईल ना हेही बघितलं गेलं असणार, पण ज्या धोक्यानं घात केला तो माणसाच्या ट्रान्सफरमध्ये नव्हताच, तो जहाज तिथे आणण्यात होता. ट्रान्सफरचा धोका एका माणसाला, जहाज आणण्याचा धोका त्या सगळ्या परिसरातल्या ३८४ माणसांना. दोन बोटांची टोकं तुटणं वेदनादायक आहे, बोट गमवावं लागेल इतपत गंभीर आहे, पण त्यानं तासाभरात जीव जात नाही, दाबून पट्टी बांधून, रेडिओवरून डॉक्टरचा सल्ला घेऊन हवा थोडी उतरायची वाट बघता आली असती. हे मागाहून बोलणं सोपं आहे हे मान्य, जहाजावर रक्त बघून कोणालाही वाटतं की लवकर काहीतरी करा, आणि ते वाटणं चांगल्या माणसाचं लक्षण आहे. पण निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर दोन्ही धोके शेजारी ठेवलेले हवेत आणि तसे ते ठेवले गेल्याचं दिसत नाही.

मग बाजूचा प्रश्न. प्लॅटफॉर्मला जहाज लावताना दोन बाजू असतात, वाऱ्याच्या आडोशाची आणि वाऱ्याच्या तोंडाची. आडोशाच्या बाजूला उभं राहिलं आणि इंजिन बंद पडलं तर वारा आणि लाटा जहाजाला प्लॅटफॉर्मपासून लांब नेतात, सगळ्यांना घाम फुटतो पण लागत काही नाही. वाऱ्याच्या बाजूला उभं राहिलं आणि बंद पडलं तर तोच वारा जहाज प्लॅटफॉर्मवर आणून घालतो. म्हणजे एका बाजूला समुद्र चूक माफ करतो, दुसऱ्या बाजूला करत नाही, इतका सरळ फरक. त्या दिवशी आडोशाच्या बाजूची क्रेन वापरता येण्याजोगी नव्हती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूला आलं. क्रेन नादुरुस्त असणं ही खरं तर मेंटेनन्सच्या रजिस्टरमधली एक ओळ, पण त्या ओळीनं जहाजाची बाजू ठरवली, आणि बाजूनं पुढचं सगळं ठरवलं. एखादी क्रेन बंद असेल तर त्याचा अर्थ ‘दुसरी वापरा’ एवढाच घेतला जातो, ‘अमुक वाऱ्यात या प्लॅटफॉर्मला जहाज लागणार नाही’ असा कोणी घेत नाही, माझ्या मते घ्यायला हवा.

आणि आता तिसरी गोष्ट, जी ऐकल्यावर मला आजही आश्चर्य वाटतं. जवळ येत असतानाच जहाजाला अॅझिमथ थ्रस्टरचा त्रास सुरू झालेला होता, स्टारबोर्ड म्हणजे उजव्या बाजूच्या थ्रस्टरचं पिच, म्हणजे पात्यांचा कोन, हुकुमाला सुस्त उत्तर देत होता. म्हणून कॉम्प्युटरच्या मदतीचं कंट्रोल सोडून जहाज हातानं चालवत, स्टर्न पुढे करून म्हणजे उलटं, आत आणलं गेलं. थांबा आणि हे एकत्र वाचा: ३५ नॉट वारा, ५ मीटर स्वेल, वाऱ्याची बाजू, एक थ्रस्टर आजारी, डीपी नाही, आणि समोर गॅसचे रायझर. यातली एकेक गोष्ट घेतली तर अनुभवी मास्टर, म्हणजे जहाजाचा कॅप्टन, म्हणेल, केलंय आपण हे आधी. वाऱ्याच्या बाजूला लावलंय, हातानं लावलंय, अशा हवेत लावलंय. सगळं एकाच वेळी मात्र क्वचितच कोणी केलं असेल, आणि एकेक गोष्ट वेगवेगळ्या क्षणी पुढे येत गेल्यामुळे बेरीज करायला कोणी थांबलं नाही. क्रेनचं आधी कळलं, थ्रस्टरचं नंतर कळलं, आणि तोपर्यंत वर बास्केट तयार होती. थ्रस्टर कुरकुरतोय म्हटल्यावर करायची गोष्ट एकच, बाहेर निघणं, प्रॉब्लेम घेऊन आत शिरणं नव्हे.

स्टर्न आत घेण्याला कारण असतं, मागचं डेक मोकळं असतं आणि क्रेनच्या टप्प्यात येतं. पण जहाज लाटांवर डोलतं ते मध्याभोवती, म्हणजे पुढचं आणि मागचं टोक सगळ्यात जास्त वर-खाली होतं. इथे मागच्या टोकालाच हेलिडेक, हलच्या म्हणजे जहाजाच्या सांगाड्याच्या वर उंचावर मोठा सपाट पसारा. म्हणजे जहाजाचा सगळ्यात जास्त हलणारा भाग प्लॅटफॉर्मच्या सगळ्यात जवळ.

जखमी माणूस बास्केटमधून सुखरूप वर गेला. ट्रान्सफर झालं. आणि मग जहाज जोरात वर उचललं गेलं, हेलिडेक एमएचएनच्या जॅकेटवर आपटलं आणि गॅस लिफ्टचा एक किंवा जास्त रायझर तुटला. वेळ दुपारी ४ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास. काही क्षणात गॅसनं पेट घेतला.

हा धक्का जहाजाच्या हिशोबानं किरकोळच म्हणायचा. टकरीच्या गणितासाठी नॉर्थ सीमध्ये वर्षानुवर्षं एक ठरावीक उदाहरण वापरलं गेलं, ५००० टनाचं जहाज सेकंदाला २ मीटर वेगानं आपटलं तर काय. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्यात जहाजासोबत हलणारं पाणी धरलं की पुढून-मागून आदळताना ११ मेगाज्यूल आणि आडव्या बाजूनं १४ मेगाज्यूल येतात, आणि जॅकेटचे जाड पाय असल्या धक्क्याला पुरून उरावेत असं डिझाइन करायचं. पण रायझर म्हणजे जॅकेटचा पाय नव्हे. तो पाइप आहे, त्याला तोडायला याच्या कितीतरी कमी जोर पुरतो. एमएचएनवर काही रायझरना गार्ड होते, पण ते नेहमी येणाऱ्या छोट्या सप्लाय जहाजांचा विचार करून बसवलेले, एवढ्या मोठ्या एमएसव्हीसाठी नव्हते. म्हणजे ज्यानं गार्ड बसवले त्यानं बरोबर ओळखलं होतं की जहाज इथे आपटू शकतं, फक्त कुठलं जहाज येईल यात तो चुकला. एकदा मोठं जहाज बाजूला लावायला परवानगी दिली की जुना हिशोब रद्द झाला, आणि तो कोणी परत मांडला नाही.

आता आग का थांबली नाही. सगळ्यांना वाटतं गॅस फुटला तर वाल्व बंद करायचा, संपलं. वाल्व होते, इमर्जन्सी शटडाउन वाल्व, ईएसडीव्ही. पण ते पाइपांच्या टोकांना होते आणि मधले काही पाइप १२ किलोमीटरपर्यंत लांब. पाइप जर पाण्याच्या पातळीजवळ, वाल्वच्या खाली तुटला, तर वरचा वाल्व बंद करून काय उपयोग, त्या वाल्वच्या वर आपलं प्लॅटफॉर्म वाचेल फारतर, खालचा सगळा पाइप मात्र तुटक्या तोंडातून रिकामा होत राहणार. एक अंदाजी हिशोब करून बघा, समजा पाइप आतून २० सेंटिमीटर व्यासाचा आणि १२ किलोमीटर लांब, त्यात जागा होते साधारण ३७५ घनमीटर, आणि आत गॅस हवेच्या ८० पट दाबानं भरलेला असेल तर बाहेर आल्यावर तो होतो ३० हजार घनमीटर. तोही हळूहळू नाही, भडका घेत, आणि भडका कुठे तर बाकीच्या रायझरच्या शेजारी. त्या बाकीच्या रायझरना आगीपासून पुरेसं संरक्षण नव्हतं, ते तापले, स्टील मऊ पडलं, एकेक करून फुटत गेले, आणि प्रत्येक फुटलेला रायझर आगीला नवा पुरवठा.

हे जगाला माहीत नव्हतं असं नाही. ६ जुलै १९८८ ला ब्रिटनच्या समुद्रात पायपर अल्फा जळला, १६७ माणसं गेली, आणि तिथेही प्लॅटफॉर्म मोडला तो शेजारच्या प्लॅटफॉर्मना जोडणाऱ्या गॅस लाइनचे रायझर फुटल्यामुळे. त्यानंतर ब्रिटननं १९८९ मध्येच रायझरवर इमर्जन्सी वाल्व बसवायचा नियम केला, आणि समुद्रतळावर, प्लॅटफॉर्मपासून थोड्या अंतरावर बसवायचे सबसी आयसोलेशन वाल्व याची चर्चा सगळीकडे सुरू झाली. तसा वाल्व असता तर १२ किलोमीटरच्या ऐवजी फक्त शेवटच्या काही शे मीटरमधला गॅस बाहेर आला असता आणि आग लवकर उपाशी पडली असती. तो महाग असतो, त्याची देखभाल डायव्हरच्या भरवशावर चालते, आणि शंभर रायझर असलेल्या फील्डमध्ये सगळीकडे बसवणं कोणालाच परवडत नाही हेही खरं. मग निदान जिथे जहाजं लागतात तिथले रायझर तरी निवडा ना. किंवा सरळ रायझर जॅकेटच्या आत घ्या, जहाज पोचणारच नाही. नवीन डिझाइनमध्ये हे फुकटात होतं, जुन्यात होत नाही, म्हणूनच जुन्या प्लॅटफॉर्मला जहाज लावण्याचे नियम जास्त कडक हवेत.

दोन तासांच्या आत एमएचएन कोसळला, पाण्यावर फक्त जॅकेटची खुंटं राहिली. एमएचएफला जबर नुकसान, आणि शेजारी ‘नोबल चार्ली येस्टर’ ही जॅक-अप रिग, म्हणजे समुद्रतळावर पाय टेकवून उभी राहणारी, होती तिलाही उष्णतेनं झोडपलं. ३८४ पैकी ३६२ माणसं पुढच्या १५ तासांत वाचवली गेली, नौदल, कोस्ट गार्ड, आणि फील्डमधली इतर सपोर्ट जहाजं, खवळलेल्या समुद्रात, बराच वेळ अंधारात. हा आकडा मोठा आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं, कारण पळायची साधनं हाताशी असूनही उपयोगाची राहिली नव्हती: कॉम्प्लेक्सवरच्या ८ लाइफबोटींपैकी २ उतरल्या, १० लाइफराफ्टपैकी १. बाकीच्या आगीमुळे उतरवता आल्या नाहीत. माणसं दोरीवरून, जाळीवरून, उड्या मारून पाण्यात गेली आणि पाण्यातून त्यांना उचललं ते जहाजांनी. म्हणजे एका सपोर्ट जहाजानं सुरू झालेलं प्रकरण बाकीच्या सपोर्ट जहाजांनी निस्तरलं.

आणि मग ते सहा डायव्हर. ‘समुद्र सुरक्षा’वर सॅच्युरेशन डायव्हिंग चालू होतं. यात डायव्हर कामाच्या खोलीइतक्या दाबाच्या चेंबरमध्येच दिवसेंदिवस राहतात, तिथेच झोपतात, जेवतात आणि बेलमधून, म्हणजे त्याच दाबाच्या बंद डब्यातून, खाली कामाला जातात, कारण दाब उतरवायला काही दिवस लागतात आणि ते रोज करणं शक्य नसतं. याचा अर्थ असा की जहाजाला आग लागली तर इतरांसारखं दार उघडून डेकवर पळता येत नाही, एकदम दाब गेला तर माणूस मरतो. जहाज पेटलं, क्रू जहाज सोडून गेला, आणि सहा जण चेंबरमध्ये राहिले. ३६ तासांनी त्यांना जिवंत बाहेर काढलं. या उद्योगात हायपरबॅरिक लाइफबोट नावाची गोष्ट असते, चेंबरला जोडलेली, दाबासकट डायव्हरना घेऊन जाणारी, पण तिच्यासाठी वर ती उतरवणारी माणसं लागतात. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात बोचणारा प्रश्न हाच वाटतो: चेंबरमध्ये दाबाखाली माणसं असताना त्या जहाजाला प्लॅटफॉर्मला चिकटायला पाठवायचंच कशाला? डायव्हिंगच्या कामासाठी जवळ जावं लागलं तर गोष्ट वेगळी, तो त्या कामाचाच भाग आहे आणि त्याची तयारी असते. इथे मात्र हे जहाज एक रुग्णवाहिका म्हणून वापरलं गेलं, आणि रुग्णवाहिकेत सहा जण कुलूपबंद होते.

जहाज ओढून नेत असताना १ ऑगस्टला मुंबईच्या किनाऱ्यापासून फार लांब नसताना बुडालं. देशाच्या उत्पादनातून दिवसाला लाखभराहून जास्त बॅरल तेल एका झटक्यात गेलं, त्यातलं बरचसं दुसऱ्या प्लॅटफॉर्मकडे वळवून पुढच्या काही आठवड्यांत परत आणलं गेलं. ते काम इंजिनिअरिंग म्हणून खरंच वाखाणण्यासारखं आहे पण तो या लेखाचा विषय नाही.

दोष कोणाचा, यात मला मास्टरवर सगळं टाकून मोकळं व्हायला आवडत नाही. कायद्यानं जहाजाचा शेवटचा शब्द मास्टरचा असतो, तो कधीही नाही म्हणू शकतो, आणि प्लॅटफॉर्मवर ऑफशोअर इन्स्टॉलेशन मॅनेजरही म्हणू शकतो की माझ्या पाचशे मीटरच्या आत येऊ नका. म्हणजे ‘नाही’ म्हणायचा अधिकार दोघांकडे होता. पण दोघांकडे माहिती अर्धी अर्धी. मास्टरला थ्रस्टर कसा वागतोय ते माहीत, पण खाली नेमका कुठला पाइप गॅसचा, किती दाबाचा, त्याच्यामागे किती किलोमीटर गॅस भरलाय हे ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, दिसत नाही, त्याला सगळे पिवळे-करडे पाइप सारखेच. मॅनेजरला रायझर तोंडपाठ, पण थ्रस्टर सुस्त आहे, डीपी सोडून हातानं येतोय, याचं गांभीर्य त्याला रेडिओवरच्या एका वाक्यातून किती कळणार. दोन्ही अर्ध्या एकत्र ठेवल्या असत्या तर कोणीही शहाणा माणूस थांबला असता. त्यात समोर जखमी सहकारी. अशा वेळी नाही म्हणणारा माणूस दगड वाटतो, आणि हो म्हटल्यावर दहातले नऊ दिवस काही होत नाही, म्हणून हो म्हणायची सवय पक्की होत जाते.

नंतर काय बदललं ते थोडक्यात. भारतात २००८ मध्ये पेट्रोलियम अँड नॅचरल गॅस (सेफ्टी इन ऑफशोअर ऑपरेशन्स) रूल्स आले, त्यांच्या अंमलबजावणीसाठी ओआयएसडीला, म्हणजे तेल उद्योगाच्या सुरक्षेसाठीच्या सरकारी संचालनालयाला, अधिकार दिले गेले, आणि ऑफशोअर कंपन्यांना आपले धोके लिहून, मोजून दाखवणं बंधनकारक झालं. बाहेर जगात २०१३ मध्ये ऑफशोअर जहाजांच्या कामासाठी गोमो नावाची सामायिक मार्गदर्शक तत्त्वं आली, डीपीसाठी आयएमओचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचं, १९९४ चं परिपत्रक होतं त्याची नवी आवृत्ती २०१७ मध्ये आली. आज चांगल्या चालवलेल्या फील्डमध्ये जहाज पाचशे मीटरच्या आत यायच्या आधी दोन्ही बाजूंनी चेकलिस्ट वाचली जाते: सगळे थ्रस्टर, जनरेटर, स्टिअरिंग तपासले का, कंट्रोल कुठल्या मोडवर, वारा आणि प्रवाह जहाजाला प्लॅटफॉर्मकडे ढकलतायत की बाहेर, काम कुठल्या बाजूला, किती वेळ, आणि बिघडलं तर बाहेर कुठून निघणार. मग प्लॅटफॉर्मपासून अंतर राखून आधी तिथल्याच वाऱ्यात जहाज काही वेळ उभं करून बघायचं की ते खरंच उभं राहतंय का आणि किती टक्के जोर खर्च होतोय, त्यानंतरच हळूहळू आत.

या यादीत एक प्रश्न मी माझ्याकडून घातला असता, तो बऱ्याच ठिकाणी अजून नसतो: जहाज ज्या बाजूला लागणार त्या बाजूच्या पाइपात काय आहे आणि तो तुटला तर बंद करणारा पहिला वाल्व कुठे आहे. उत्तर जर ‘बारा किलोमीटरवर’ असं असेल तर ते मास्टरला आत यायच्या आधी रेडिओवर ऐकू आलं पाहिजे, चौकशी समितीच्या कागदात नंतर वाचायला मिळून काही उपयोग नाही. आणि जखमी माणसासाठी जहाज मागवताना मॅनेजरनं डॉक्टरला एवढंच विचारावं, हा माणूस उद्या सकाळपर्यंत थांबू शकतो का. कुकच्या बाबतीत मला वाटतं उत्तर हो असंच आलं असतं.